सोप की नोव्हेला? जुन्या कथानकांच्या गप्पांत होणारी गल्लत

चवथीच्या दिवसांत गोव्यातलं घर भरलेलं असतं. दुपारची जेवणं आटोपतात, खतखतं आणि पातोळ्यांनी अंग जड होतं आणि ओसरीवर जुन्या मालिका निघतात. कुणी दूरदर्शनवरच्या ‘शांती’ची आठवण काढतं, कुणी केबल नवीन असताना पाहिलेल्या अमेरिकी ‘सांता बार्बरा’ची. लिस्बनहून आलेली चुलतबहीण तिथल्या ‘नोव्हेला’बद्दल सांगते, इंग्लंडमधल्या स्विंडनचा भाचा ‘ईस्टएंडर्स’बद्दल. आपण एकाच जातीच्या गोष्टीबद्दल बोलतोय असं सगळ्यांनी धरलेलं असतं, आणि तिथंच गाडं अडतं. बहीण विचारते, “शेवटी काय झालं?” भाच्याकडे उत्तर नसतं, कारण त्याची मालिका १९८५ पासून चालूच आहे.

सोप ऑपेरा आणि टेलिनोव्हेला (थोडक्यात सोप आणि नोव्हेला) दिसायला जुळ्या बहिणींसारख्या. दोन्ही बहुतेक रोजच्या. दोन्हींत घर, लग्न, वारस, कटकारस्थान. पण त्यांची घडण वेगळी आहे, म्हणून त्यांची आठवणही वेगळ्या तऱ्हेने राहते. (गोव्यात जवळचाच आणखी एक शब्द कानावर असतो, नोव्हेना. तो फेस्ताच्या आधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा. त्याचा नोव्हेलाशी संबंध नाही. नोव्हेला म्हणजे पोर्तुगीजमध्ये कथा, कादंबरिका.)

नावावरून फरक कळेल असं वाटतं, पण नाव फसवतं. ‘सोप’ म्हणजे साबण. १९३० साली शिकागोच्या रेडिओवर इर्ना फिलिप्स यांची ‘पेंटेड ड्रीम्स’ सुरू झाली. १९३३ च्या ‘मा पर्किन्स’ला ऑक्सिडॉल या कपडे धुण्याच्या पावडरीचे पैसे होते. दुपारी घरकाम करता करता रेडिओ ऐकणाऱ्या बायकांना साबण विकायचा, हा सरळ हिशेब, आणि त्यातून नाव पडलं. पण लॅटिन अमेरिकेतल्या रेडिओ-नोव्हेलांनाही साबण आणि टूथपेस्ट कंपन्यांचाच पैसा होता. तेव्हा साबण दोन्हींत आहे. दुपारची ती सोप आणि रात्रीची ती नोव्हेला, ही वाटणीही टिकत नाही. अमेरिकेच्या नावाजलेल्या सोप दुपारच्या हे खरं, पण ब्रिटनच्या ‘कोरोनेशन स्ट्रीट’ (१९६०) आणि ‘ईस्टएंडर्स’ संध्याकाळच्या. ‘एमरडेल’ १९७२ मध्ये दुपारच्या जेवणाच्या वेळेला सुरू झाली आणि पुढे संध्याकाळी सरकली. वेळ बदलली तरी ती सोपच राहिली.

खरा फरक शेवटात आहे. नोव्हेला पहिल्या आठवड्यात एक प्रश्न मांडते आणि शेवटच्या आठवड्यात त्याचं उत्तर देते. सोप असा एकच प्रश्न मांडत नाही. ती एक गाव, एक इस्पितळ किंवा एक घराणं उभं करते आणि त्यात लोक येत-जात राहतात. जत्रेतला दशावतारी कालो पहाटेपर्यंत संपणार हे प्रेक्षक बसतानाच जाणतो. संकासुर मरणार, दहीकाला फुटणार. नोव्हेलाचा प्रेक्षक त्या भरवशावर बसतो. सोपचा प्रेक्षक मात्र शेजारच्या घरात डोकावल्यासारखा बसतो. शेजाऱ्याच्या आयुष्याला ‘शेवटचा भाग’ नसतो.

आकडे पाहिले की हे स्पष्ट होतं. अमेरिकी दुपारची सोप आठवड्याला पाच भाग, वर्षाला साधारण अडीचशे. सुरुवातीला भाग पंधरा मिनिटांचा असे. २ एप्रिल १९५६ रोजी ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ आणि ‘द एज ऑफ नाइट’ एकाच दिवशी अर्ध्या तासाच्या म्हणून सुरू झाल्या, आणि १९७५ मध्ये ‘अनदर वर्ल्ड’ तासाची झाली. ‘गाइडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर आली, १९५२ मध्ये टीव्हीवर गेली आणि १८ सप्टेंबर २००९ ला बंद झाली: ७२ वर्षं. ब्राझीलची नोव्हेला याउलट आठवड्याला सहा दिवस, सोमवार ते शनिवार, एकूण दीडशे ते दोनशे भाग, आणि सहा ते नऊ महिन्यांत समाप्त. तिथं भागाला ‘प्रकरण’ म्हणतात, आणि तो शब्द नेमका आहे: पुस्तकाला शेवटचं प्रकरण असतं.

लिहिण्याची पद्धतही यातूनच ठरते. सोपमध्ये मुख्य लेखक पुढच्या काही महिन्यांचा आराखडा करतो, दुसरी मंडळी रोजच्या भागाची प्रसंगवार मांडणी करतात आणि तिसरे संवाद लिहितात. एकाच वेळी तीन-चार कथानकं चालतात: एक भरात, एक उताराला, एक नुकतं पेरलेलं. म्हणून ‘त्या वर्षी त्या मालिकेत काय चाललं होतं’ याचं उत्तर कधी एका वाक्यात येत नाही. दोघी जुन्या प्रेक्षक एकाच वर्षाबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतील, तर बहुधा दोघी बरोबर असतात. नोव्हेलाचा मात्र एक प्रमुख लेखक असतो. प्रक्षेपण सुरू असताना तो पुढची प्रकरणं लिहीत असतो आणि प्रेक्षकांचा कल पाहून वळणं बदलतो, पण मुक्कामाचं गाव ठरलेलं असतं.

आता ज्यावरून सगळ्यात जास्त वाद होतात ते: सोपचा भूतकाळ. नोव्हेला संपली की तिचा भूतकाळ गोठतो. सोपमध्ये तो जिवंत राहतो आणि लेखक त्याला पुन्हा हात लावू शकतात. ‘जनरल हॉस्पिटल’मधल्या ल्यूक आणि लॉराची गोष्ट घ्या. १६ आणि १७ नोव्हेंबर १९८१ असे दोन दिवस त्यांच्या लग्नाचे भाग दाखवले, सुमारे तीन कोटी लोकांनी ते पाहिले, आणि पाहुणी भूमिका करायला एलिझाबेथ टेलर आल्या होत्या. अमेरिकेच्या दुपारच्या मालिकांत एवढा प्रेक्षक पुन्हा कधी जमला नाही. पण या जोडीची सुरुवात १९७९ मध्ये ल्यूकने लॉरावर केलेल्या बलात्कारापासून होते. जोडी लोकप्रिय होताच मालिकेने त्या रात्रीला हळूहळू ‘मोहाची रात्र’ करून टाकलं. पुढे १९९८ मध्ये त्यांच्या मुलाला, लकीला, ती गोष्ट कळते तेव्हा मालिका तिला पुन्हा बलात्कारच म्हणते. एकच प्रसंग तीन काळांत दोन नावांनी आला. तेव्हा कुणी म्हटलं, “ते तर किती गोड प्रेमप्रकरण होतं,” तर त्या प्रेक्षकाने कुठली वर्षं पाहिली हे आधी विचारावं. माझ्या मते १९९८ ची दुरुस्ती हे त्या मालिकेचं सर्वांत धाडसी लिखाण आहे. सोपच्या घडणीतच ते शक्य होतं, कारण तोच कलाकार, तीच व्यक्तिरेखा एकोणीस वर्षांनी स्वतःच्या जुन्या कृत्यासमोर उभी राहू शकते.

भूतकाळाला हात लावणं नेहमी इतकं चांगलं जमत नाही. ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’मधला रोमन ब्रेडी हे फसलेल्या बाजूचं उदाहरण. वेन नॉर्थ्रॉप ही भूमिका करत होते. १९८४ मध्ये रोमन मेला. १९८६ मध्ये ड्रेक होगेस्टिन यांनी साकारलेला, स्मृती गेलेला एक माणूस गावात आला, आणि तो प्लास्टिक सर्जरी झालेला रोमनच आहे असं जाहीर झालं. प्रेक्षकांनी पाच वर्षं तसं मानलं. १९९१ मध्ये नॉर्थ्रॉप परतले आणि मालिकेने सांगितलं की हाच खरा रोमन, दुसरा कधीच रोमन नव्हता. होगेस्टिन यांचं पात्र जॉन ब्लॅक झालं. म्हणजे १९८६ ते १९९१ मधल्या ‘रोमन’च्या सगळ्या आठवणी आज जॉनच्या नावावर आहेत. एक जण रोमन म्हणते, दुसरी जॉन, आणि दोघी एकाच माणसाबद्दल बोलत असतात.

म्हणून सोपच्या आठवणीत तीन वेगळ्या घटना वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि गोंधळ नेमका त्या एकत्र केल्याने होतो.

चेहरा बदलणं: पात्र तेच, कलाकार नवा. अमेरिकेत भागाच्या वेळी निवेदक सरळ सांगतो की आज अमुक भूमिका अमुक करत आहे, आणि कथा पुढे जाते. ‘द बोल्ड अँड द ब्युटिफुल’मधला रिज फॉरेस्टर १९८७ पासून २०१२ पर्यंत रॉन मॉस करत होते, पुढे थॉर्स्टन केये. आपल्याकडे ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’चा मिहीर अमर उपाध्याय, इंदर कुमार आणि रोनित रॉय असा तीन चेहऱ्यांनी लक्षात आहे.

वय बदलणं: अमेरिकेत हे एकेका मुलाचं होतं. पोरगं जिन्यावरून खोलीत जातं, बोर्डिंग शाळेला रवाना होतं आणि वर्षा-दोन वर्षांत सतरा-अठराचं होऊन परततं. आईबापांची वयं जागच्या जागी राहतात. त्यामुळे आई-मुलाच्या वयाचा हिशेब लावू नका, तो लागणारच नाही. आपल्याकडे ‘लीप’ येतो: सगळं घर एका रात्रीत वीस वर्षं पुढे जातं, सुनेच्या केसांत पांढरी बट येते. इथं हिशेब लागतो, पण मधली वीस वर्षं कुणीच पाहिलेली नसतात. म्हणून “ते लग्न कधी झालं?” याचं उत्तर कधी कधी “लीपच्या आत” एवढंच असतं.

तिसरं, वर सांगितलेलं भूतकाळ बदलणं. यात ना चेहरा बदलावा लागतो ना वय. जुनं सत्य खोटं ठरतं.

मरणाचंही असंच. सोपमध्ये मृतदेह दिसला नसेल तर ते मरण पक्कं धरू नये. उलट काही मरणं अगदी पक्की असतात, आणि तीच लोकांना खुपतात. ‘सांता बार्बरा’मध्ये १९८६ साली मेरी ही पूर्वाश्रमीची नन कॅपवेल हॉटेलच्या गच्चीवर उभी असताना पाटीवरचं ‘सी’ हे अवाढव्य अक्षर तिच्यावर कोसळलं. इतकं लाडकं पात्र अशा अपघातात घालवल्याबद्दल प्रेक्षक चिडले. आजही त्या मालिकेचं नाव निघालं की ते अक्षर आधी आठवतं. पण पुढं काय? पुढं तिचा प्रियकर मेसन शोक करतो, इतर कथानकं चालू राहतात. ते मरण कथेचा कळस नव्हतं, वाटेतला खड्डा होता.

हेच नोव्हेलात कसं होतं ते पाहा. ब्राझीलच्या ‘व्हाले तुदो’मध्ये ओदेते रोइतमान ही उद्दाम श्रीमंत बाई डिसेंबर १९८८ च्या अखेरीस मारली गेली. तिला कुणी मारलं हा प्रश्न दोनेक आठवडे देशभर चघळला गेला आणि ६ जानेवारी १९८९ ला, शेवटच्या प्रकरणात, उत्तर मिळालं: लेलाने, तेही दुसरीच बाई समजून. आता याची आठवण काढताना मधलं एकही प्रकरण लागत नाही. खून आणि उत्तर, दोन टोकं पुरतात. ब्राझीलमध्ये नोव्हेलाचं शेवटचं प्रकरण शुक्रवारी दाखवून शनिवारी पुन्हा दाखवण्याचा रिवाजही त्यातलाच: शेवट कुणाचा चुकू नये. सोपच्या कुठल्याही एका भागाला अशी किंमत नसते. सोपचा शुक्रवार सोमवारपर्यंत जीव टांगणीला लावण्यासाठी असतो.

लिस्बनच्या नातेवाइकांना नोव्हेला जवळची वाटते याला कारण आहे. १९७७ मध्ये ब्राझीलची ‘गाब्रिएला’ पोर्तुगालच्या सरकारी वाहिनीवर लागली, आणि १९८२ मध्ये ‘व्हिला फाया’ ही पोर्तुगालची स्वतःची पहिली नोव्हेला आली. भाषा एकच, उच्चार ब्राझीलचे. गोव्यातल्या जुन्या पिढीतल्या पोर्तुगीज शिकलेल्यांना ते उच्चार वेगळे लागतात, पण कथा कळते.

मग आपल्या मालिका कुठल्या गोटात? इथं मला वाटतं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे, आणि तेच मजेशीर आहे. ‘हम लोग’ (७ जुलै १९८४ ते डिसेंबर १९८५, दीडशेहून अधिक भाग) थेट नोव्हेलाच्या घराण्यातली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी कुटुंबनियोजन आणि साक्षरतेसाठी नोव्हेला वापरल्या होत्या, त्या प्रयोगावरून ती बेतली. मनोहर श्याम जोशींनी लिहिली आणि भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन बोलायचे. तिला ठरलेला शेवट होता.

‘शांती’ १९९४ ची, दूरदर्शनवर दुपारी. मंदिरा बेदीची शांती पत्रकार म्हणून दोन बड्या चित्रपटवाल्यांच्या वाड्यात शिरते, कामेश महादेवन आणि राज सिंग, त्यांचं चरित्र लिहायचं निमित्त करून. तिच्या आईवर या दोघांनी अत्याचार केलेला असतो. आपला बाप कोण, हे तिला शोधायचं असतं. पहिल्या आठवड्यातला हा एक धारदार प्रश्न म्हणजे अस्सल नोव्हेलाची बीजं. पण मालिका सोपसारखी चालली, वर्षानुवर्षं, नव्या पात्रांची भर घालत. त्यामुळे लोकांना ‘शांती’ची सुरुवात लख्ख आठवते आणि मधला भाग धूसर. हा स्मरणशक्तीचा दोष नाही. नोव्हेलाचा प्रश्न सोपच्या लांबीवर ताणला की असंच होतं.

१९९५ ची ‘स्वाभिमान’ तिच्या शेजारी बसवली की फरक दिसतो. महेश भट्ट यांचं दिग्दर्शन, शोभा डे आणि विनोद रंगनाथ यांचं लेखन. उद्योगपती केशव मल्होत्रा मरतो आणि त्याची प्रेयसी स्वेतलाना, म्हणजे किटू गिडवाणी, त्याच्या घराण्याशी झगडत आपली जागा राखते. इथं एका उत्तराची वाट नाही. घराणं आहे, पैसा आहे, आत-बाहेर करणारी माणसं आहेत. ही घडणीनेच सोप. म्हणून तिची आठवण माणसांवरून निघते: रोहित रॉयचा ऋषभ, आशुतोष राणाचा त्यागी, मनोज बाजपेयीचा सुनील. ‘शांती’ला कोडं आठवतं, ‘स्वाभिमान’ला चेहरे.

पुढे २००३ ची ‘जस्सी जैसी कोई नहीं’ कोलंबियाच्या ‘यो सोय बेट्टी, ला फेआ’वरून आली, म्हणजे जन्माने नोव्हेला. आपल्याकडे ती २००६ पर्यंत चालली, त्यामुळे तिच्या उत्तरार्धाची मुळात जोड शोधू नये. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालली. ती निर्विवाद सोप.

एखादं कथानक नक्की कुठलं आणि कधीचं हे लावायचं असेल तर साल विचारून सुरुवात करू नका, साल सगळ्यांत आधी पुसट होतं. आधी वाहिनी आणि भाषा विचारा. स्टार प्लसवर इंग्रजी मालिका पाहिल्याचं आठवत असेल तर ते जुलै २००० च्या आधीचं, कारण तेव्हा ती वाहिनी पूर्ण हिंदी झाली. मात्र हे पाहिल्याचं साल झालं, कथेचं नव्हे. ‘सांता बार्बरा’ अमेरिकेत जानेवारी १९९३ ला संपली आणि आपण तिचे जुने भाग उशिरा पाहत होतो. नंतर चेहरा विचारा: मिहीर कोणता, रिज कोणता? कलाकार कळला की काळ आपोआप आवळतो. मग क्रम लावा: हे लग्नाआधी की नंतर, लीपआधी की नंतर? आणि शेवटचा प्रश्न, मालिका संपली की बंद पडली? ‘सांता बार्बरा’, ‘गाइडिंग लाइट’ बंद पडल्या. त्यांच्या अखेरच्या भागात घाईने गाठी मारलेल्या आहेत. त्यावरून अख्ख्या मालिकेचा अर्थ लावणं तिच्यावर अन्याय आहे. नोव्हेलाचं मात्र शेवटावरूनच मोल करा.

पुरावा म्हणून जुना भाग मिळेलच असं नाही. अमेरिकेत सुरुवातीच्या सोप थेट प्रक्षेपित होत, आणि पुढेही १९७० च्या दशकात टेप महाग म्हणून अनेक मालिकांचे भाग पुसून त्याच टेपवर नवे चित्रित होत. त्या काळातल्या कित्येक कथानकांचा आधार आता संहिता, छायाचित्रं आणि प्रेक्षकांच्या वह्या एवढाच. इंटरनेटवर मिळणाऱ्या तुकड्यांतही काळजी घ्या. एका जोडीचे वेगवेगळ्या वर्षांतले प्रसंग सलग जोडलेले असतात, मधली भांडणं आणि दुसरी लग्नं कापून; पाहणाऱ्याला सोपची नोव्हेला झालेली दिसते.

आणि नाव शोधताना दोनदा पाहा. ‘स्वाभिमान’ टाइप केलं तर १९९५ च्या दूरदर्शनच्या मालिकेबरोबर २०१६ ची हिंदी आणि २०२१ ची स्टार प्रवाहवरची ‘स्वाभिमान – शोध अस्तित्वाचा’ ही मराठीही समोर येते. तिघींत नाव सोडून काहीही सामाईक नाही. स्वेतलाना दिसली तरच ती आपली.